जपलंय हो त्यांनी!

जर्मनीत मुलीकडे जाऊन तीन आठवडे झाले, की नातवाला बागेत नेणं, डिशवॉशर चुकीचा लावणं आणि बाल्कनीतून ट्राम मोजणं एवढीच कामं हातात उरतात. अशाच एका संध्याकाळी जावई लॅपटॉप उघडून म्हणतो, "बाबा, तुमच्यासाठी एक दिवसाची टूर बघून ठेवलीय. किल्ला आहे, मध्ययुगीन गाव आहे, सोबत गाईड आहे." आढेवेढे न घेता लगेच हो म्हणा. तो स्वतः येणार नाही, कारण तो एकदा जाऊन आलाय. त्या 'एकदा'चा अर्थ तुम्हाला रात्री दहाच्या सुमारास कळेल.

फ्रँकफर्टहून बस सकाळी आठच्या आसपास सुटते. आधी रोथेनबुर्ग, मग थेट खाली आल्प्सच्या पायथ्याशी नॉइश्वानस्टाइनचा किल्ला, आणि रात्री परत फ्रँकफर्ट. सगळं मिळून आठशे किलोमीटरच्या वर. म्हणजे मुंबईहून निघून समृद्धीने नागपूर गाठायचं आणि आणखी शंभर किलोमीटर पुढे जायचं. एवढं करून किल्ल्याच्या आत मिळणार तीस-पस्तीस मिनिटं. घाबरू नका. या कामाची तालीम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्याने दोन दिवसांत अष्टविनायक उरकलेत, ओझरचा प्रसाद लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर खाल्लाय आणि 'पुढे चला, पुढे चला' हा मंत्र ऐकत दर्शन घेतलंय, त्याला युरोप नवीन नाही. इथे फक्त नारळ नसतो.

डबा भरून घ्या. बसमध्ये खायला मनाई असते, पण ती मनाई गाईड समोर बघत असेपर्यंत लागू नसते. मेथीचे ठेपले चालतील, कोरडी चटणी शक्यतो टाळा. आमच्या बसमध्ये एका काकूंनी लसणाची चटणी काढली. मागच्या दोन रांगांतले कोरियन पाहुणे एकदम जागे झाले आणि 'किल्ला आला का' म्हणून बाहेर बघू लागले.

महामार्गावर स्वच्छतागृहाला युरो पडतो. मशीनमध्ये नाणं टाकलं की फिरता दांडा आत सोडतो आणि एक चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी शेजारच्या दुकानात युरोसारखी चालते. तिथे पाण्याची बाटलीच तीन-साडेतीन युरोंना असल्यामुळे एका चिठ्ठीत काहीच येत नाही. चिठ्ठी फेकू नका. चार जमल्या की काहीतरी घेऊ, असं बायको म्हणेल. पर्समध्ये ठेवू द्या.

रोथेनबुर्गला उतरताना गाईड छत्री उघडतो. पाऊस नसतो. ती छत्री म्हणजे आपली दिंडीची पताका. तिच्यामागे चालायचं आणि मान वर करून बघायचं. वाकडेतिकडे फरसबंद रस्ते, लाकडी चौकटींची घरं, उतरती कौलं, खिडक्यांत लाल जिरॅनियम. गाव छान आहे, अगदी खोटं वाटावं इतकं छान. गाईड तुम्हाला नगरपालिकेच्या चौकात उभं करून १६३१ सालची गोष्ट सांगेल. तीस वर्षांच्या युद्धात सेनापती टिलीने गाव जिंकलं आणि जाळायला निघाला. मग म्हणाला, हा सव्वातीन लिटरचा पेला कोणी एका दमात संपवला तर गाव सोडतो. माजी महापौर नुश पुढे झाला, वाइनने भरलेला पेला घटाघट प्यायला आणि गाव वाचलं. दर तासाला चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या उघडतात, आतला लाकडी नुश पेला तोंडाला लावतो आणि खाली शंभर मोबाइल वर होतात. ही दंतकथा आहे असंही गाईड सांगतो, पण तेव्हा तुम्ही व्हिडिओ नीट आला का बघत असता.

हे गाव एवढं जुनं कसं राहिलं, ते मात्र विचारून घ्या. त्या युद्धानंतर गावाकडे पैसाच उरला नाही. नवं बांधायची ऐपत नाही म्हणून जुनं तसंच पडून राहिलं. पुण्यातल्या भाडेकरू भरलेल्या वाड्याची जी अवस्था, तीच. फक्त तिकडे बिल्डर यायच्या आधी चित्रकार आणि प्रवासी येऊन पोचले. आणि जे राहिलं तेही सगळं राहिलं नाही. ३१ मार्च १९४५ ला बॉम्ब पडले आणि गावाचा जवळपास चाळीस टक्के भाग गेला. तटबंदीवरच्या छपराखालून चालत गेलात तर दगडांत बसवलेल्या पाट्या दिसतील: अमक्या देशातल्या तमक्याने इतके मीटर भिंतीसाठी देणगी दिली. बऱ्याच जपानी आहेत. देवळाच्या पायरीवर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' वाचायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना एकदम घरच्यासारखं वाटतं. तुम्ही ज्या भिंतीवर हात फिरवून "आठशे वर्षांपूर्वीची हो!" म्हणत असता, ती कधीकधी तुमच्या मोठ्या भावापेक्षा लहान असते. तरीही म्हणायचंच. तिथेच आजच्या दिवसाचं मुख्य वाक्य पहिल्यांदा म्हणून घ्यायचं: "जपलंय हो त्यांनी! नाहीतर आपल्याकडे..."

'आपल्याकडे' नंतर वाक्य पूर्ण करायचं नसतं. मान हलवायची असते.

दीड तास मोकळा मिळतो. त्यात बारमाही नाताळच्या दुकानात जा. ऐन ऑगस्टमध्ये, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना, खोट्या बर्फाखाली उभं राहायची सोय सगळीकडे नसते. मग श्नेबाल खा. श्नेबाल म्हणजे बर्फाचा गोळा, हे नाव. वस्तू अशी: शंकरपाळ्याचं पीठ लाटा, त्याच्या फिती कापा, फिती एकमेकींत अडकवून मुटका करा, गोल साच्यात धरून तळा आणि वर पिठीसाखर भुरभुरा. चव शंकरपाळ्याची, आकार क्रिकेटच्या चेंडूचा, किमतीत घरी डबाभर शंकरपाळे व्हावेत. चावायला गेलात तर चुरा सगळा छातीवर आणि गोळा जसाच्या तसा हातात. "यात अंडं असतं का?" असं आमच्या काकूंनी विचारलं तेव्हा अर्धा संपला होता. दुकानदारीण हसून हो म्हणाली. काकूंनी उरलेला काकांना दिला आणि आपण मघाशी खाल्लं तो वरचा भाग होता, असा खुलासा केला.

आता बसमध्ये झोपा. अगदी मनापासून सांगतो, झोपाच. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, बाहेर हिरवीगार कुरणं, कांद्याच्या आकाराचे कळस असलेली चर्च आणि लांबवर डोंगर. या अख्ख्या सहलीत कोणी सजवून ठेवली नाही अशी तेवढीच एक गोष्ट आहे, त्यामुळे ती पाहण्याचे पैसे तिकिटात धरलेले नाहीत.

किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलात की तुम्हाला तिकिटावर वेळ मिळते. मिनिटाची. ती चुकली तर तिकीट गेलं. वर जायला अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे. घोडागाडीही आहे, पण तिच्या रांगेत उभं राहिलं तर चालणारे आधी पोचतात. वर गेल्यावर आधी मारिएनब्रुके नावाच्या पुलावर जायचं. दरीवरचा हा पूल किल्ला बघायला नसून फोटो काढायला आहे. सगळ्या जगाने पाहिलेला तो एकच फोटो तिथूनच निघतो, आणि तुम्हीही तोच काढायचा. सांगलीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा. मागून जपानी, पुढून ब्राझिलियन ढकलत असताना ती म्हणणार, "दादा, तू हाल्लास, किल्ला दिसला नाही."

हा किल्ला किती जुना, हे मात्र विचारू नका. मी विचारलं आणि दिवसाची मजा गेली. पायाभरणी ५ सप्टेंबर १८६९. त्याच वर्षी मुंबईत राजाबाई टॉवरचा पाया घातला गेला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावून तेव्हा सोळा वर्षं झाली होती. मध्ययुग म्हणून तुम्ही ज्याच्या अंगणात उभे आहात, त्याच्यापेक्षा आमच्या मुंबईतली आगगाडी जुनी आहे. आतून बांधकाम विटांचं, वरून पांढऱ्या चुनखडी दगडाचा मुलामा. दगड चढवायला वाफेवर चालणारी क्रेन होती. आत गरम हवेची तापवण्याची सोय, नळाला पाणी, फ्लशचे संडास, नोकरांना बोलवायला विजेची घंटा आणि टेलिफोनसुद्धा. खरीखुरी मध्ययुगीन वस्तू इथे होतीच. या कड्यावर दोन जुन्या गढ्यांचे पडके अवशेष होते. ते १८६८ मध्ये काढून टाकले आणि त्या जागी हा नवा जुना किल्ला बांधला.

जपलंय हो त्यांनी.

बांधणारा बायर्नचा, म्हणजे बव्हेरियाचा राजा, दुसरा लुडविग. त्याला समजून घ्यायचं तर आपल्यालाच जमेल, कारण आपण दिवाळीत किल्ले केलेत. माती कालवून, पोत्यावर चिखल थापून, वर हळीव पेरून, पायथ्याला आरशाच्या तुकड्याचं तळं करून. आई जेवायला हाका मारतेय आणि पोरगं बुरूज नीट करतंय. लुडविग हे ते पोरगं. फक्त त्याच्याकडे राज्य होतं, जेवायला हाक मारणारी आई जरा लांब होती, आणि किल्ल्याची पहिली चित्रं त्याने नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टिआन यांक याच्याकडून काढून घेतली होती. वाग्नरच्या संगीतनाटकांतले प्रसंग भिंतीभर रंगवले. दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्या मध्ये एक खोटी गुहा केली, लोंबत्या खोट्या सुळक्यांसकट. सिंहासनाचा दरबार सोन्याने मढवला. सिंहासन मात्र कधी बसलंच नाही. तिथे पोचल्यावर गाईड रिकाम्या पायऱ्यांकडे हात करतो आणि सगळे अदबीने त्या नसलेल्या सिंहासनाकडे बघतात. रायगडावर मेघडंबरी बसायच्या आधी आपणही रिकाम्या जागेकडेच बघत होतो, पण ते वेगळं. तिथून आधी कोणीतरी राज्य केलेलं होतं.

कर्ज डोक्यावरून गेलं तेव्हा मंत्र्यांनी डॉक्टर नेमले. डॉक्टरांनी राजाला न तपासताच तो वेडा असल्याचा दाखला दिला. जून १८८६ मध्ये त्याला याच किल्ल्यातून उचललं, आणि १३ जूनला तो आणि त्याच्या वेडाचा दाखला देणारा डॉक्टर गुडेन, दोघंही स्टार्नबर्गच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात मेलेले सापडले. का, कसं, यावर तिकडचे लोक अजून भांडतात. किल्ल्यात परकं माणूस फिरकता कामा नये अशी त्याची इच्छा होती. त्याच वर्षी १ ऑगस्टला किल्ला तिकीट लावून लोकांसाठी उघडला. तेरावं-चौदावं उरकून हिशेबाला बसावं, तसं. 'नॉइश्वानस्टाइन' हे नावही तो गेल्यावरच पडलं. इतकं होऊनही तुम्हाला आत तीस-पस्तीस मिनिटंच मिळतात, कारण मागची तुकडी दाराशी आलेली असते. फोटोला बंदी. तीनशेहून जास्त पायऱ्या. "हा किल्ला शत्रूने कधी घेतला?" असं आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गंभीरपणे विचारलं. गाईडने जरा आठवून सांगितलं, "कोणी हल्ला केलाच नाही."

मुख्याध्यापक खूश झाले. "म्हणूनच बघा," ते आमच्याकडे वळून म्हणाले, "कसा जपलाय!"

त्यांचं बरोबरच आहे. पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगड फोडला, आत आग लागली, वाडे जळाले. त्यात आपलाच निष्काळजीपणा. किल्ला लढायला वापरला की असं होतं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले आणि लुडविगचे चार महाल जागतिक वारशाच्या यादीत गेले, ही बातमी मी परतीच्या बसमध्ये मुख्याध्यापकांना सांगितली. "आपले कोणते?" त्यांनी विचारलं. साल्हेर, राजगड, खांदेरी असं मी मोजायला लागलो. "खांदेरी कुठे आलं?" अलिबागजवळ, म्हटलं. त्यांचं घर अलिबागला आहे. बोटीने समुद्र लागतो हो, असं म्हणून ते झोपले.

परतीचे पाच तास कसे काढायचे, यावर माझ्याकडे सल्ला नाही. गुडघे बोलतात, डबा संपलेला असतो आणि गाईड माइकवरून बक्षिशीची आठवण गोड आवाजात करतो. आणखी एकदा चिठ्ठी मिळते. घरी पोचल्यावर जावई विचारेल, "कसं झालं?" तेव्हा गाव कोणतं आणि किल्ला कोणता यात थोडा घोळ होईल; तो लाकडी माणूस वाइन पीत होता की तळ्यात बुडाला होता, यावर बायकोशी वाद होईल. तो तिथेच मिटवा. भारतात परतल्यावर तुम्हाला सोसायटीच्या गणपतीत 'युरोपातील वारसा संवर्धन' यावर दहा मिनिटं बोलायचंय.

मी वीस बोललो. टाळ्याही पडल्या. त्या रात्री ही पर्स बदलायला बसली, तर आतल्या कप्प्यातून पिनेला अडकवलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या. एकीवरही सुरकुती नव्हती.