दोन कृष्णविवरं आणि माझा एक नॅन

१४ सप्टेंबर २०१५ला लायगो या वेधशाळेने पकडलेली पहिली गुरुत्वीय लाट जेमतेम ०.२ सेकंदाची होती. दोन कृष्णविवरं, एक साधारण ३६ सूर्यांएवढं, दुसरं २९, एकमेकांत विलीन झाली, संपलं. तेवढंच माझ्या संगणकावर घडावं म्हणून मी तीन महिने हात जोडून बसलो होतो.

इथे नमनालाच घडाभर तेल जातं. वस्तुमानांचं प्रमाण, फिरकी, मधलं अंतर असं सगळं भरून जॉब, म्हणजे संगणकाला द्यायचं काम, रांगेत लावायचा. नंबर लागला की सगळ्यात आधी जी लाट बाहेर पडते, ती बनावट! कारण माझी विवरं ऐनवेळी आभाळातून टपकलेली असतात. त्यांनी आधी घिरट्या घालताना सोडलेल्या लाटा माझ्या आकड्यांत कुठून येणार? या लाटेला आमच्यात सरळ ‘जंक’ म्हणतात. ती कापून टाकायची.

मग मात्र जोडी सुरेख फिरते. पहिली घिरटी, दुसरी, पाचवी. मी निर्धास्त झोपतो. आणि सकाळी लॉग, म्हणजे संगणकाने लिहिलेली नोंदवही, उघडावा तर शेवटच्या ओळीत नॅन.

नॅन म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. कुठेतरी शून्याला शून्याने भागलं जातं आणि आकडेमोडीसाठी अवकाशावर अंथरलेल्या जाळीवरचा एक बिंदू नॅन होतो. शेजारच्या बिंदूचा उतार काढायला तोच बिंदू लागतो, मग शेजारीही नॅन, त्याचा शेजारीही. विवरांना जेवढं अवकाश गिळता आलं नाही, तेवढं हा तासाभरात गिळतो. तेही नेमकं विलीनीकरणाच्या तोंडावर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझ्याकडे त्यातली बाराशे तरी झाली असतील.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत म्हटलं, “रिझोल्यूशन दुप्पट करून बघ ना.”

‘बघ ना’ म्हणायला काय जातं! तिन्ही दिशांना बिंदू दुप्पट म्हणजे आठपट, शिवाय काळाची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे सोळापट काम. रांगेत आमच्यापुढे कोण कोण उभं असतं, ते सरांना दिसत नाही.

अशा वेळी मी इतिहास आठवतो. हान आणि लिंडक्विस्ट यांनी विवरांची टक्कर संगणकावर घडवायचा हा खटाटोप १९६४मध्ये सुरू केला. घिरट्यांपासून विलीनीकरणापर्यंतचा सगळा प्रवास पहिल्यांदा पार पाडला प्रिटोरियसने, २००५मध्ये. मधली ४१ वर्षं लोकांचे प्रोग्रॅम कोसळतच होते. या हिशोबाने मी अजून बराच तरुण आहे.

आणि मग एका मंगळवारी तो जॉब चक्क पूर्ण झाला. शेवटी एकच विवर उरलं, घंटेसारखं थरथरलं आणि शांत झालं. एक सोय बरी असते: निर्वात पोकळीतल्या आइन्स्टाइनच्या समीकरणांना स्वतःचं मोजमाप नसतं, त्यामुळे एकूण वस्तुमान आपण मागाहून हवं ते ठरवावं. मी लायगोच्या त्या पहिल्या जोडीएवढंच ठरवलं, लाटेचा आवाज केला आणि आईला ऐकवायला फोनवर लावला. सुरुवातीची घरघर ३५ हर्ट्झची. ती त्या चिमुकल्या स्पीकरला कुठली झेपायला. ऐकू आलं ते फक्त शेवटचं “टुप्”.

तीन सूर्यांचं वस्तुमान लाटांत विरून गेलं होतं.

आई म्हणाली, “मेसेज आला वाटतं तुला. बघून घे, मग ऐकव.”