संशोधनाचा खर्च खरंच दुप्पट झाला का?

‘भारताचा संशोधनावरचा खर्च दहा वर्षांत दुप्पट झाला. यातला सगळा पैसा सरकार देतं, तोही बहुतेक रॉकेटवर जातो. कंपन्यांना दोनशे टक्के करसवलत मिळूनही त्या हात आखडता घेतात. आता एक लाख कोटींची योजना आली आहे, तेव्हा आपण जीडीपीच्या एक टक्क्याच्या पुढे गेलोच समजा.’ सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या कारखानदारांपासून डाळिंब बागायतदारांपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हा मजकूर फिरतोय. यातला निम्मा मजकूर खरा आहे, म्हणून तो खोडायला जास्त वेळ लागतो.

दुप्पट झाल्याचे आकडे बरोबर आहेत. देशाचा एकूण संशोधन खर्च २०१०-११ मध्ये ६०,१९७ कोटी होता आणि २०२०-२१ मध्ये तो १,२७,३८१ कोटी झाला. पण हे आकडे चालू किमतींचे, म्हणजे महागाई वजा न केलेले आहेत. वाढीचा दर वर्षाला पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडतो, तर त्याच काळात चालू किमतींतला जीडीपी अडीचपट झाला. म्हणून जीडीपीशी असलेलं प्रमाण पाऊण टक्क्याच्या थोडं वर होतं, ते ०.६४ वर उतरलं. महागाई वजा केली तर खर्चाची वाढ दीडपटही भरत नाही. त्यात २०२०-२१ हे कोविडचं वर्ष. जीडीपी त्या वर्षी आक्रसला होता, म्हणजे भाजकच लहान झाला होता, आणि तरीही प्रमाण ०.६४ च आलं.

‘सगळा पैसा सरकारचा’ हे चूक आहे. २०२०-२१ ची वाटणी अशी: केंद्र सरकार ४३.७ टक्के, राज्य सरकारं ६.७, उच्च शिक्षण संस्था ८.८, सार्वजनिक उद्योग ४.४ आणि खासगी उद्योग ३६.४. पहिल्या चारांची बेरीज ६३.६ होते. हे ६३.६ टक्के एकूण खर्चातले आणि ते ०.६४ टक्के जीडीपीचे. दोन आकडे दिसायला सारखे असल्यामुळे फॉरवर्डमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. जीडीपीच्या भाषेत मांडलं तर खासगी उद्योगांचा खर्च जेमतेम ०.२३ टक्के पडतो. दक्षिण कोरियाचा एकूण खर्च पावणेपाच टक्क्यांच्या पुढे आहे आणि त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त उद्योगांचा. चीनमध्येही उद्योगांचा वाटा तेवढाच मोठा. सरकारी खर्चातही आपण मागे आहोतच, पण खरी दरी आहे ती कारखान्यांच्या बाजूला.

तिथेही एक मेख आहे. कारखान्यात केलेला प्रत्येक बदल संशोधनात मोजला जात नाही. काम नवं हवं, त्याचा निकाल आधी माहीत नसावा, ते पद्धतशीर हवं आणि दुसऱ्याला पुन्हा करून बघता यायला हवं. टेरी टॉवेलची नवी रंगछटा किंवा जॅकार्ड मागावरचं नवं डिझाइन यात बसत नाही. रंगाईच्या सांडपाण्यातून मीठ परत मिळवण्याची नवी पद्धत चाचण्या घेऊन, नोंदी ठेवून विकसित केली, तर ती बसते. रोजची गुणवत्ता तपासणीही यात धरत नाहीत. केंद्राच्या विज्ञान व औद्योगिक संशोधन विभागाकडे मान्यता मागताना बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. प्रयोगशाळा दाखवली जाते, पण तीत माणसं क्वालिटी कंट्रोलचीच असतात आणि खर्चाची खाती उत्पादनातच मिसळलेली असतात. वेगळा विभाग, वेगळी माणसं आणि वेगळे हिशेब या किमान अटी आहेत.

दोनशे टक्के करसवलत केव्हाच संपली. जुन्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ३५(२एबी) खाली खर्चाच्या दुप्पट वजावट मिळायची. एप्रिल २०१७ पासून ती १५० टक्के झाली आणि एप्रिल २०२० पासून १००. म्हणजे जेवढा खर्च तेवढीच वजावट. वर ज्या कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा कर निवडला, तिला हे कलम लागूच होत नव्हतं. कंपन्यांना बोल लावायला हरकत नाही, पण नसलेल्या सवलतीच्या आधारावर नको.

रॉकेटबद्दल थोडक्यात. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात २०२०-२१ मध्ये सर्वात मोठा वाटा संरक्षण संशोधनाचा, सुमारे ३१ टक्के होता. अवकाश विभाग १८ टक्क्यांवर आणि कृषी संशोधन परिषद १२ वर. सोलापूरजवळच्या केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच परिषदेचं. ‘सोलापूर लाल’ हे डाळिंबाचं वाण तिथलं.

राहिले एक लाख कोटी, म्हणजे केंद्राची संशोधन, विकास आणि नवोन्मेष (आरडीआय) योजना. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यातल्या २०,००० कोटींची तरतूद झाली. २०२४-२५ मध्ये आपला जीडीपी सुमारे ३३० लाख कोटी धरला होता, म्हणजे एक टक्का गाठायला दरवर्षी ३.३ लाख कोटी लागतील. ते २०,००० कोटी एका वर्षात पूर्ण खर्च झाले असं धरलं, तरी भर पडते ०.०६ टक्क्याची. शिवाय हे अनुदान नाही. केंद्र पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज या योजनेच्या खास निधीला देतं, निधीकडून ते फंड व्यवस्थापकांकडे जातं आणि तिथून कंपन्यांना कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज किंवा भांडवल मिळतं. तंत्रज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं हवं. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर नव्याने सुरू होणारा मूलभूत अभ्यास यात बसणार नाही. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेलं एखादं जैविक औषध बाजारात आणू पाहणारी कंपनी मात्र अर्ज करू शकेल.