सुटका झाली, दाखल्याचं काय?

इगतपुरीच्या कातकरी पाड्यांवरची मुलं मेंढ्या वळायला वेठबिगार म्हणून नेली जातात, त्यावरचा लेख वाचला. २०२२ मध्ये हे उघडकीस आलं तेव्हा आपण नाशिककर चार दिवस हळहळलो. लेखाचा शेवट "मुलांची सुटका झाली" असा आहे. खरी रखडपट्टी तिथूनच सुरू होते.

१९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली सुटलेल्या माणसाच्या हातात मुक्ततेचा दाखला, म्हणजे तो वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, हवा. तो नसेल तर केंद्राच्या योजनेतली ३० हजारांपर्यंतची तातडीची मदतही अडते. लहान मुलांसाठी पुढची रक्कम २ लाख आहे, पण ती आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली. म्हणजे पोरगं आठवीत जाईपर्यंत खटला संपला तर नशीब! (तोवर ते शाळेत टिकलं, हेही गृहीत धरूनच.)

शिवाय तक्रार करणार कोण? बापानेच पाच-सात हजारांची उचल घेतलेली असते. पोलिसांकडे गेलो तर आपल्यालाच आत घालतील ही त्याची भीती, आणि ती अगदीच खोटी नाही. समोरचा वकील उलटतपासणीत नेमकं हेच बाहेर काढतो. त्यात मुलाकडे जन्माचा दाखला नाही, बापाकडे जातीचा नाही. तारखेला यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. मग मेंढ्यांचा मालक पाड्यावर येतो, "मिटवून टाका" म्हणतो आणि साक्ष फिरते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हे त्या पाड्यावर किती जणांना माहीत असेल? वार्ताहरांनी सहा महिन्यांनी परत तिथे जावं आणि मुक्ततेचा दाखला मिळाला का, एवढंच विचारावं.