ईओवर पीएचडी करताय? मग भोसरीकडे फिरकूसुद्धा नका

मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायचीये, विषय सुचत नाहीये आणि गाईड फोन उचलत नाहीत, अशी अवस्था असेल तर डोळे मिटून एन्टरप्रेन्युरियल ओरिएंटेशन घ्या, लाडाने ईओ. कंपनी किती नवं करते, किती रिस्क घेते आणि बाकीच्यांच्या आधी किती उडी मारते, ही तीन मापं १९८३ मध्ये डॅनी मिलरने मांडली, १९८९ मध्ये कोविन आणि स्लेविन यांनी त्याची नऊ प्रश्नांची पट्टी करून दिली आणि तेव्हापासून जगभर लोक तीच पट्टी घेऊन फिरतायत. १९९६ मध्ये लम्पकिन आणि डेस यांनी स्वायत्तता आणि स्पर्धेतला आक्रमकपणा अशी आणखी दोन मापं आणली, त्यामुळे तीन खरी की पाच खरी यावर तुमचा एक अख्खा चॅप्टर निघतो. निकाल नाही लागला तरी चालतं, उलट न लागलेलाच बरा.

सॅम्पल म्हणजे "पुणे विभागातील एमएसएमई". गुगल फॉर्म करायचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, रोज सकाळी गुड मॉर्निंगसोबत आठवण करायची आणि तरी आकडा कमी पडला तर मावसभावाचं कॅटरिंग आहेच की.

प्रत्यक्ष मात्र जाऊ नका हं, घोळ होतो. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याला विचारलंत की गेल्या पाच वर्षांत किती नवीन प्रॉडक्ट लाइन आणल्या, एक ते सातमध्ये टिक करा, तर तो व्हीएमसी मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणणार, "अहो सर, ड्रॉइंग कंपनीचं, मटेरियल कंपनीचं, आम्ही नुसतं मशिनिंग करून देतो, आमचं प्रॉडक्ट कुठलं?" झालं, मिळाला एक मार्क. आणि मग तोच माणूस कौतुकाने एक फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पीस पकडून ठेवणारा साचा, दाखवणार, ऑपरेटरने स्क्रॅपमधल्या प्लेटीतून बनवलेलं, ज्यात एका सेटिंगला दोनाऐवजी सहा पीस बसतात. हे कुठल्या रकान्यात घालणार? रिस्कचा प्रश्न तर काढूच नका. "कायद्यात ४५ दिवस लिहिलेत, पेमेंट येतं चार महिन्यांनी, तरी पुढचा लॉट देतोच आम्ही, ही रिस्क का सवय, तुम्हीच सांगा." तुम्ही काय सांगणार, सातवर टिक करा आणि निघा.

पुढचं सोपं आहे. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, ०.७ च्या वर आला पाहिजे, स्मार्टपीएलएस या सॉफ्टवेअरमध्ये बाण काढायचे आणि मध्ये एखादा मीडिएटर, म्हणजे दोन गोष्टींना जोडणारा तिसरा घटक, सोडून द्यायचा. आपण किती धाडसी हेही मालकानेच सांगायचं आणि धंदा किती भारी चाललाय हेही त्यानेच, म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच, पण हाच एकतर्फीपणा तपासणाऱ्या हर्मन टेस्टचा एक पॅरा चिकटवला की पाप धुतलं जातं. २००९ चं राउख, विक्लंड वगैरे मंडळींचं मेटा-ॲनालिसिस, म्हणजे आधीच्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज, कोट कराच, ५१ अभ्यास, १४,२५९ कंपन्या, ईओ आणि परफॉर्मन्सचा सहसंबंध ०.२४२. फक्त कृपा करून त्याचा वर्ग करू नका, परफॉर्मन्समधल्या फरकाचा ६ टक्क्यांहून कमीच भाग ईओशी जुळतो असं उत्तर येतं आणि उगाच मूड जातो. बंद पडलेल्या कंपन्या फॉर्म भरत नाहीत, हेही बोलायचं नाही. विक्लंड आणि शेफर्ड यांनी २०११ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं, की ईओने यश जसं येतं तसं अपयशही वाढू शकतं. त्यांना सायटेशन द्या, बाकी सोडा.

आणि एवढाही त्रास नको असेल तर सध्या चलती आहे ती बिब्लिओमेट्रिकची, म्हणजे छापलेल्या पेपरांच्याच मोजदादीची. उद्योजकांवर नाही, उद्योजकांवरच्या पेपरांवर पेपर! स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमधून फाइल उतरवायची, व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, रंगीत बुडबुडे येतात, लाल म्हणजे फॅमिली बिझनेस, हिरवा म्हणजे सस्टेनेबिलिटी, कोपऱ्यातला पिवळा डिजिटल, त्याला "उदयोन्मुख प्रवाह" म्हणायचं. एकाही मालकाला फोन करावा लागत नाही, एसीत बसून काम होतं. छापायची चिंता करू नका, यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादी आपल्याच पुणे विद्यापीठातून चालायची, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंडाळली, आता कुठलं जर्नल चांगलं ते ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचंय.

शेवटी सजेशन्स. तिथे "लघुउद्योजकांना उद्योजकतेचे प्रशिक्षण द्यावे" हे लिहायला विसरू नका. हो, त्या फिक्स्चरवाल्यालासुद्धा. दोन दिवसांचं मॉड्यूल तुमच्याकडे तयार असेलच, फी सांगताना जीएसटी वेगळा सांगा.