डेव्हचा सात-बारा

आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते आणि माझ्या मोबाइलच्या अंगात आलं.

कोणी हात न लावता स्क्रीन आपोआप सरकायची. एका रात्री दोन वाजता त्यानं परस्पर केळीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापाऱ्याला वाटलं, मी घायकुतीला आलोय. सकाळी त्यानं भाव पाडूनच बोलायला सुरुवात केली. तेही गिळलं. पण भाऊबंदांच्या ग्रुपवर चुलत सासऱ्यांच्या तेराव्याची वेळ कळवली होती, तिच्याखाली माझ्या नावानं पोट धरून हसणारा चेहरा गेला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एक तर हा दुरुस्त करा, नाहीतर तापीत सोडा."

दुकानदारानं मोबाइल उलटासुलटा केला आणि डिस्प्ले बदलायचे साडेचार हजार सांगितले. मी मोबाइल खिशात घालून घरी आलो.

आखाजीला बहीण माहेरी आली, सोबत पुण्याला कॉम्प्युटर शिकणारा भाचा. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर जगात कुणालाच काही सुचत नाही. त्यात बाहेर त्रेचाळीस डिग्री. भाच्याला मात्र तेव्हाच सुचलं. "मामा, पैसे घालण्याआधी टचचा डिव्हाइस नोड बघू."

त्यानं मला सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायला लावलं. सातव्यांदा मोबाइल म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झालात. बारावीच्या गणिताला दोनदा बसलेला माणूस मी! एवढ्या स्वस्तात आमच्याकडे सोसायटीचा संचालकसुद्धा होता येत नाही.

वायरनं मोबाइल लॅपटॉपला जोडून तो सांगायला लागला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सनं जुन्या युनिक्सची एक रीत उचलली: टच, मेमरी, जे काही यंत्र असेल ते फाइल असल्यासारखं वागवायचं. या फायली म्हणजेच डिव्हाइस नोड, आणि त्या 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्यानं टचची ओळ काढून दाखवली. सुरुवातीला सी, मग परवानग्यांची अक्षरं, मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वेसर्वा, गट इनपुट, पुढे १३, ६६ आणि शेवटी नाव, इव्हेंट-दोन.

"फाइल केवढी आहे मग?" मी विचारलं.

"साइज नसतेच, मामा. साइजच्या जागी हे दोन आकडे. मेजर १३ म्हणजे इनपुटवाला ड्रायव्हर, यंत्र हाकणारा प्रोग्रॅम, मायनर ६६ म्हणजे त्याच्या हाताखालचं नेमकं कुठलं यंत्र."

इथे माझी ट्यूब पेटली. हा तर सात-बारा! १३ हा गट नंबर, ६६ हा पोटहिस्सा. उतारा म्हणजे शेत नव्हे, उताऱ्यावर नांगर चालत नाही. पण तो दाखवल्याशिवाय शेतापर्यंत पोचताही येत नाही. मालकाचं नाव वर, इतर हक्क बाजूला. भाचा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्या सरांनी हे तीन लेक्चरं घेऊन सांगितलं होतं."

मग मी सुटलोच. सी म्हणजे कॅरेक्टर: आमचं ठिबक. थेंब येतील त्या क्रमानं घ्यायचे, पडून गेलेला थेंब परत मागायचा नाही. टच तसा. बी म्हणजे ब्लॉक: केळीचा घड. हवी ती फणी काढा. मोबाइलची मेमरी तशी. आणि हे सगळे उतारे म्हणे रॅममध्ये असतात. मोबाइल बंद केला की पुसले जातात, चालू केला की युइव्हेंटडी नावाचा कारकून कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, यंत्रांची नावं ऐकून ते नव्यानं मांडतो, आणि कोणाला कुठे हात लावू द्यायचा तेही ठरवतो. सगळ्या गावाचे उतारे काही सेकंदांत! असा एक कारकून तालुक्याला मिळाला तर मी त्याला घडाने केळी पोचवीन.

"काय करी राह्यना रे?" ओट्यावरून माय ओरडली. तिला काय सांगणार!

भाच्यानं टचच्या नोंदी दाखवणारं 'गेटइव्हेंट' चालवलं. स्क्रीनवर बोट टेकवलं की ओळींचा पाऊस. ००३५ असलेल्या ओळीत बोट आडवं कुठे, ००३६ मध्ये उभं कुठे. बोट उचललं की सगळं शांत. मोबाइल अर्धा तास समोर ठेवला, हात लावला नाही. एक ओळ येईल तर शपथ. डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं.

आता भाच्यासमोर मी खोटा पडायला लागलो. "रात्री येतं रे, खाटेवर असताना," मी म्हणालो आणि ते भुतासारखं ऐकू आलं.

"खाटेवर काय करता?"

"चार्जिंगला लावतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वायर काढली, लॅपटॉप वायफायवरून मोबाइलला जोडला आणि मोबाइलला माझा चार्जर लावला. जत्रेत एकशेवीस रुपयांना घेतलेला. चार सेकंद गेले असतील. मग कोणी बोट न लावता ओळी धावायला लागल्या, ००३५, ००३६, ००३५, जणू मोबाइलवर मुंग्या चालताहेत. चार्जर काढला, बंद. लावला, सुरू. हलका चार्जर विजेतला गोंगाट आत सोडतो आणि बिचाऱ्या टचला तो बोटासारखा वाटतो.

साडेचार हजार वाचल्याच्या आनंदात भाचा म्हणाला, "चार्जर डेव्ह-नलमध्ये टाका, मामा." हाही एक नोडच, १, ३. त्यात काहीही लिहा, गिळून टाकतो. वाचायला जावं तर काही नाही. लहानपणी निकालपत्रक टाकायला अशी जागा मिळाली असती तर!

मी चार्जर उकिरड्याकडे घेऊन निघालो. ओट्यावर मायनं हात धरला.

"राहू दे. कामले यी."

तिनं तो आतल्या कोनाड्यातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकला. डब्यात आधीचे चार चार्जर होते, आणि त्यांच्याखाली माझं दहावीचं निकालपत्रक.