तिरफळ शोधलं की त्रिफळा का दाखवता?

ऑनलाइन दुकानात इंग्रजी अक्षरांत तिरफळ टाइप केलं की बऱ्याचदा दुकानच ठरवून टाकतं की माझं स्पेलिंग चुकलंय. मग समोर त्रिफळा चूर्णाच्या डब्यांची रांग. हिरडा, बेहडा, आवळा. औषध म्हणून घ्या खुशाल, पण बांगड्याच्या कालवणात त्याचं काय काम?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिरफळ हे कोकण-गोव्याकडच्या एका काटेरी झाडाचं फळ. पावसाळ्यात त्याचे हिरवे घोस बाजारात दिसतात. वाळलं की टरफल उकलतं, आतली काळी बी काढून टाकायची आणि नुसतं टरफल ठेवायचं. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या कालवणात जरासं ठेचून घातलं की जिभेवर अशी झिणझिणी येते की आपल्या नेहमीच्या दुसऱ्या कुठल्याच मसाल्याने ती येणार नाही.

आता हे नाव इंग्रजीत लिहायचं कसं? फ साठी कुणी पीएच लिहितो, कुणी एफ. ळ तर त्या लिपीत नाहीच. गोव्याचा विक्रेता तेफळ म्हणतो, मंगळूरकडची कोंकणी माणसं तेप्पल. आणि आय-आरच्या जागी आर-आय पडलं की झालंच त्रिफळ! यात कुणाचीच चूक नाही. राग येतो तो आपल्या शब्दालाच चूक ठरवण्याचा. कारण मग विक्रेतेही माल दिसावा म्हणून तसंच लिहायला लागतात, आणि खरं नाव शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. एकाच मालाची चार नावांची चार पानं होतात, ग्राहकांचे अभिप्राय विखुरतात. मोठ्या कंपनीला फरक पडत नाही. घरचं तिरफळ वाळवून विकणाऱ्या बाईला पडतो.

शहाजिऱ्याचीही तीच गत. काळं जिरं म्हणून कुणी शहाजिरं पाठवतो, कुणी कलौंजी. गोडा मसाला करायला बसलेल्या माणसाने काय करायचं?

सगळी स्पेलिंगं भरण्याचं ओझं विक्रेत्यावर टाकू नका, ती एकमेकांना जोडणं हे दुकानाचं काम आहे. विक्रेता शोधशब्द भरतो त्या रकान्याची जागा जिथे बाइटमध्ये (संगणकातल्या साठवणीच्या मापात) मोजतात, तिथे तर आपली लिपी आधीच तोट्यात. इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. म्हणजे ‘तिरफळ’ एवढ्याशा शब्दाला, वेलांटी धरून 5 चिन्हांचे, 15 बाइट! ही मर्यादा अक्षरांवर मोजा.

आणि विक्रेत्यांनो, पाकिटावर आणि पानावर पहिलं नाव देवनागरीत, ठळक लिहा. खाली शास्त्रीय नाव द्या, झँथोझायलम ऱ्हेट्सा. सिचुआन मिरी त्याच कुळातली असली तरी वेगळी आहे, तिचं नाव तिरफळावर छापू नका. तिरफळ मागणाऱ्याला तिरफळच हवं असतं.