कडब्याच्या खोलीत निजलेली आई

आज दुपारी तीनच्या सुमारास गावाहून तात्यांचा फोन आला. "अरं, वैनी घरात न्हाईत." पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभं राहून पुढची वीस मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. बार्शीकडचं 43 अंशांचं ऊन, आई 76 वर्षांची, आणि तिचा फोन घरातच वाजतोय. विहिरीकडे माणूस धाडला, आळीतली घरं बघून झाली. शेवटी सापडली ती परसात, कडब्याच्या खोलीत. पेंढ्या एका अंगाला सारून, चवाळं टाकून गाढ झोपली होती. तात्यांनी उठवलं तर म्हणाली, "हितं गार लागतंय. स्लॅबखाली जीव नुसता तळमळतोय."

ती कडब्याची खोली म्हणजे आमच्या जुन्या माळवदाचे, सपाट मातीच्या छताच्या घराचे, उरलेले दोन खण. बाकीचे पाच मी पाडले. 2009 साली, माझ्या लग्नाआधी.

तेव्हा सोयरिकीला बसलं की पहिला प्रश्न असायचा, "स्लॅबचं घर आहे का?" शेती किती, नोकरी कुठं, ते मागाहून. मामांनी "होईल की यंदा" म्हणून शब्द दिला आणि मे महिन्यात आम्ही पहारी घेऊन भिंतीला भिडलो. दोन हात रुंद भिंत, दगड आणि मातीची. वर तुळया, तुळयांवर किलचा म्हणजे आडव्या बसवलेल्या बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर लिंबाचा पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. भर दुपारी दोन वाजता भिंतीचं पोट उघडं पडलं आणि मी आत हात घातला. माती गार होती. ओल कुठंच नव्हती, तरी रांजणाला हात लावावा तशी गार. उन्हात पडलेल्या पहारीला हात लागला तर चटका बसत होता. गवंड्याला मी तसं बोललोही. "जुनी भिंत हाय, मालक," म्हणाला आणि त्यानं पहार मारली. मग मीही मारली.

त्या गार मातीचा अर्थ मला फार उशिरा कळला. दिवसभराचं ऊन एवढ्या जाड भिंतीत हळूहळू शिरतं. ते आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, बाहेरची हवा निवते आणि भिंत पुन्हा बाहेरच्या बाजूनं थंड व्हायला लागते. आतली तापलेली हवा वर चढून साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, निघून जाते. आमचा स्लॅब 5 इंचांचा. चार वाजता तो आतून तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली आग ओकत राहतो. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. कूलर घेऊन दिलाय, पण उन्हाळ्यात पाणी टँकरचं, ते कूलरमध्ये ओतायला आईचा हात धजत नाही. वीज असली तर पुढची गोष्ट.

आणि या घराला पक्कं म्हणायचं! दहा वर्षांत छताचा गिलावा पडून सळई उघडी पडली, तरी ते पक्कं. मागं कसल्याशा सर्वेक्षणाला एक मुलगा आला होता. आळीत राहिलेल्या शेवटच्या माळवदासमोर उभा राहून, आत पाऊलही न टाकता त्यानं 'कच्चे' असं लिहिलं. त्या घरातले आजोबा नुसते बघत राहिले. तीन पिढ्या उभ्या असलेल्या भिंतीला कच्चं म्हणायचा अधिकार कुणी दिला यांना? 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. तिथली बापू कुटी माती, बांबू आणि कौलांचीच आहे. विदर्भाच्या उन्हातून माणसं तिथं जातात, आत टेकतात, "काय गार आहे हो" म्हणतात आणि घरी येऊन स्वतःची मातीची भिंत पाडायला काढतात. या एका 'कच्चं' शब्दानं आपल्या माणसांना स्वतःच्या घराची लाज वाटायला लावली. मलाही लावली.

किल्लारीचा भूकंप काढाल, माहीत आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते आणि अशाच दगडमातीच्या भिंती, अशीच जड माळवदं अंगावर येऊन आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ते मी नाकारत नाही. पण मग भिंतीत आरपार जोडदगड घाला, भिंतींभोवती आडवे पट्टे बांधा, वर्षानुवर्षं चढवत नेलेला मातीचा बोजा कमी करा. सगळं मोडून पत्र्याखाली आणि स्लॅबखाली भाजत बसा, हा त्यावर इलाज झाला का?

माळवदाला राबावं लागतं, हेही खरं. दर पावसाळ्याआधी माती वाहायची, भुई सारवायची, आणि ते सगळं आईच्याच डोक्यावर होतं. एवढं राबूनही माळवद पाडू नका म्हणणारी घरात ती एकटीच होती. आम्ही ऐकलं नाही. तुळया ट्रॅक्टरमध्ये भरून मिळेल त्या भावाला दिल्या. त्या दिवशी आई काहीच बोलली नाही, मजुरांसाठी पिठलं-भाकरी करत बसली.

लहानपणी साण्यातून उन्हाचा कवडसा भुईवर उतरायचा. तो सरकत सरकत जात्यापाशी आला की आई चुलीवर तवा ठेवायची. मी त्या कवडशात हात धरून धुळीचे कण बघत बसायचो. उरलेल्या दोन खणांचं साणं पुढं आम्हीच पत्र्यानं बंद केलं, कडबा भिजू नये म्हणून.

संध्याकाळी तात्यांचा परत फोन आला. साण्यावरचा तो पत्रा बाजूला केलेला आहे म्हणे. आईनं सालगड्याच्या पोराकडून करून घेतला, अकरा रुपये दिले त्याला. कोपऱ्यात तिचा तांब्या आहे, पोथी आहे, चष्म्याचं जुनं घर आहे. म्हणजे आजचा पहिला दिवस नव्हता. ती रोज दुपारी तिथंच जाते आणि मी फोनवर विचारलं की "बरंय की, कूलर हाय" म्हणते.

शनिवारी गावाला निघतोय. कडबा दुसरीकडे हलवायचा आहे आणि पावसाच्या आत ते दोन खण नीट करायचे आहेत. एक तुळई बदलावी लागेल, मागची भिंत जोडदगड घालून नव्यानं रचावी लागेल. बार्शी, तुळजापूर, कळंब भागात माळवदाचं काम येणारा जुना गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर मला मेसेज करा. आमच्या गावात आता कुणी उरलेलं नाही.